नमुना पास झाला, मग झिंगे कुठे गेले?



गळीत हंगाम सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की नदीकाठच्या गटांतून एक प्रश्न हमखास येतो. ‘साहेब, पाण्याचा नमुना पास झाला म्हणता, मग झिंगे कुठे गेले?’ प्रश्न सरळ आहे आणि त्याला ‘कागद बघा’ एवढे उत्तर पुरत नाही. कागद खोटा नसतो. दुपारी अकरा-बाराला काठावर बाटली भरली, तपासली, लिटरला पाच-सहा मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू निघाला, तेवढा कागदावर आला. पण झिंगा काही फक्त दुपारी बारालाच नदीत राहत नाही. तो पहाटे चारलाही तिथेच असतो. त्या पहाटेबद्दल चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

आधी थोडा हिशेब. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका लिटरमध्ये पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. नदीचे पाणी कितीही निर्मळ असले, तरी २५ अंश तापमानाला त्याच्या एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच प्राणवायू हवेतून विरघळून राहतो. म्हणजे पाण्यातल्या जिवाच्या ताटात आपल्या तुलनेत तिसावा हिस्साही नाही. पाणी तापले की तेवढेही राहत नाही. २० अंशाला नऊच्या पुढे असणारा आकडा ३० अंशाला साडेसातवर येतो. दुसरीकडे, पाणी दहा अंशांनी तापले की या थंड रक्ताच्या जिवांची प्राणवायूची गरज सुमारे दुप्पट होते. उत्पन्न घटले आणि खर्च दुप्पट झाला, अशी ही उन्हाळ्यातली ओढाताण आहे.

आणखी एक अडचण अशी की साचलेल्या पाण्यात प्राणवायू आपोआप पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटीने कमी असतो. वर वारा लागून पाणी ताजे झाले तरी तळाशी ती बातमी पोहोचायला फार वेळ लागतो. पाणी दगडावर आपटले, खळाळले, बंधाऱ्यावरून पडले, तरच वरचा प्राणवायू खाली जातो. आपले जुने लोक ‘वाहते ते पाणी’ म्हणत, त्यात हे सगळे आलेच.

दगडाखालची वस्ती

पंचगंगेच्या वरच्या अंगाला, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीतून उतरतात त्या पट्ट्यात, पावसाळा ओसरल्यावर गुडघाभर खळाळत्या पाण्यात उतरून एक दगड उचलावा आणि उलटा करावा. पहिल्या नजरेला काही दिसत नाही. मग दगडाचाच तुकडा हलल्यासारखे वाटते. चपट्या अंगाची, तीन बारीक शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले असलेली पिल्ले सरसर पलीकडच्या बाजूला पळतात. इंग्रजीत यांना मेफ्लाय म्हणतात. दोन शेपट्यांचे, जरा दणकट, पिवळसर-तपकिरी दिसते ते स्टोनफ्लायचे पिल्लू. वाळूचे खडे रेशमाने चिकटवून घर करणारी किंवा दगडांच्या फटीत कोळ्यासारखे जाळे लावून बसणारी अळी ती कॅडिस. नाण्यासारखी गोल, चपटी, दगडाला घट्ट चिकटलेली एक अळी असते. ती एका पाणभुंग्याची. आपल्या भागात यांना वेगवेगळी नावे ऐकिवात नाहीत. सगळे मिळून ‘पाण्यातले किडे’.

या किड्यांच्या श्वास घेण्याच्या तऱ्हा पाहिल्या की पुढचे सगळे आपोआप उलगडते. मेफ्लायच्या पुष्कळ जातींना कल्ले जोराने हलवता येत नाहीत. वाहत्या पाण्याने ताजा प्राणवायू अंगावरून नेला तरच त्यांचे चालते. प्रवाह थांबला की तेच पाणी, तोच प्राणवायू, तरी त्या गुदमरतात. स्टोनफ्लायचे पिल्लू प्राणवायू कमी पडला की पाय रोवून अंग खाली-वर करू लागते, अगदी तालमीतल्या पोराने जोर काढावेत तसे. त्याने अंगाभोवतीचे पाणी हलते आणि जरा धुगधुगी टिकते. पण जोर काढायलाही प्राणवायूच खर्च होतो. किती वेळ काढणार?

चतुर म्हणजे ड्रॅगनफ्लाय. त्याचे पिल्लू गुदद्वारातून पाणी आत ओढून आतल्या कल्ल्यांनी श्वास घेते. थोडे कमी-जास्त सोसते. टाचणीच्या पिल्लाला शेपटीच्या जागी तीन पात्यांसारखे कल्ले असतात. झिंग्याला कल्ले असतात, तो तळाशी राहतो आणि तळ हीच सर्वांत आधी प्राणवायू संपणारी जागा. शिंपला आपली दोन्ही कवाडे मिटून बरेच तास, प्रसंगी काही दिवसही काढतो. खेकडा मात्र हुशार. त्याला हवेतही काही काळ श्वास घेता येतो, म्हणून पाणी बिघडले की तो सरळ काठावर चालत येतो. ‘यंदा खेकडे आपणहून वर आले’ म्हणून काही मंडळी टोपली घेऊन खूश होतात. त्यांनी जरा मागे वळून पाण्याकडेही बघावे.

मग येतात ते पाण्यात राहूनही पाण्याचा प्राणवायू न घेणारे. पाणविंचू शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून हवा घेतो. पाण्यावर गिरक्या घेणाऱ्या निवळ्या, पाणभुंगे, डासाच्या अळ्या, डाव्या वळणाच्या शंखाची छोटी गोगलगाय, हे सगळे वरची हवा खाऊन जगतात. पाण्यात प्राणवायू शून्य असला तरी यांचे फारसे अडत नाही. त्यामुळे ‘पाण्यात किडे पोहतायत, म्हणजे पाणी चांगलेच असणार’ हे म्हणणे अर्धवट आहे. कोणता किडा, हे बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

शेवटी गाळातले. लाल सुतासारखा ट्युबिफेक्स किडा डोके गाळात खुपसून शेपूट वर हलवत बसतो. प्राणवायू जितका कमी, तितके शेपूट जास्त बाहेर आणि हलणे जास्त. त्याच्याबरोबर कायरोनोमस माशीची लालभडक अळी. या दोघांचा लाल रंग आपल्या रक्तासारख्याच हिमोग्लोबिनचा असतो आणि तो अत्यल्प प्राणवायूही ओढून घेतो. ट्युबिफेक्स तर प्राणवायू अजिबात नसताना काही दिवस निभावतो. लांब नळीसारख्या शेपटीची पांढरट अळी दिसली, जिला इंग्रजीत उंदराच्या शेपटीची अळी म्हणतात, तर त्या जागी सांडपाणी मुरतेय हे बहुतेक नक्की समजावे.

रात्रीचा हिशेब वेगळा

आता त्या पहाटेकडे येऊ. बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी उभे असते. त्यात शेवाळ असते, जलपर्णी असते. दिवसा ऊन असताना शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. ढीगभर शेवाळ असले तर दुपारी तीनला वरच्या थरातला आकडा दहा-बारावरही जातो; कागदावर नदी अगदी गंगाजल दिसते. सूर्य मावळला की हेच शेवाळ प्राणवायू घेऊ लागते. त्याच्या जोडीला गाळातले जंतू रात्रंदिवस कुजलेला माल खात प्राणवायू ओढतच असतात. रात्रभर जमा शून्य आणि खर्च चालू. सूर्य उगवण्याच्या आधीचा तास हा सर्वांत वाईट. दुपारी दहा असलेले पाणी पहाटे एक-दोनवर आलेले असू शकते. मासे तोंड वासून वर येतात तेही याच वेळेला.

माशाला पळता येते. वरच्या खळाळाकडे किंवा ओढ्याच्या मुखाशी तो जातो आणि दिवस उजाडला की परत येतो. दगडाखालच्या पिल्लाला तशी सोय नाही. स्टोनफ्लायचे पिल्लू उडते होण्याआधी कित्येक महिने पाण्यात काढते. त्या महिन्यांतल्या एका पहाटे प्राणवायू संपला तर बाकीच्या सगळ्या चांगल्या दिवसांचा त्याला उपयोग नाही. म्हणूनच आमचे मत असे की बाटलीतला नमुना त्या घटकेपुरता बोलतो आणि दगडाखालची वस्ती मागच्या कित्येक महिन्यांतल्या सर्वांत वाईट रात्रीबद्दल बोलते. दोन्ही साक्षी घ्याव्यात. पण एकच घ्यायची वेळ आली तर आम्ही दगड उलटू.

ही रीत काही आमची नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८-०९ च्या सुमारास कोणत्या घाणीत कोणता जीव सापडतो याच्या याद्याच करून ठेवल्या. इंग्लंडमध्ये १९७६ साली नेमलेल्या कार्यगटाने किड्यांच्या कुळांना एक ते दहा गुण दिले. स्टोनफ्लायला दहा, गाळातल्या लाल सुतकिड्याला एक, कायरोनोमसच्या कुळाला दोन. सापडलेल्या कुळांचे गुण मिळवायचे की नदीचे प्रगतिपुस्तक तयार. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतातल्या नद्यांसाठी याच धर्तीवर जैविक कसोटी बसवली आहे. गंमत अशी की त्यात डोकी मोजायची नसतात, जाती मोजायच्या असतात. घाण पाण्यात डोकी कमी होत नाहीत, उलट वाढतात. ट्युबिफेक्स एका चौरस मीटर गाळात लाखभरही सापडू शकतो. खाणारे शत्रू मेले, वाटेकरी मेले, वर अन्न भरपूर. लाख जीव, पण जाती दोन. खळाळातल्या त्याच मापाच्या जागेत जीव थोडे, जाती मात्र वीस-पंचवीस. शेतात एकट्या हराळीचे रान माजले तर त्याला कोणी भरघोस पीक म्हणत नाही, तसेच हे.

एक किलो साखर आणि चौदा टँकर

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. कोणाला आवडो न आवडो, आकडे आपलेच आहेत.

साखर पाण्यात पडली की जंतू ती खातात आणि त्यासाठी प्राणवायू वापरतात. एक किलो साखर पूर्ण जिरायला सुमारे एक किलो १२० ग्रॅम प्राणवायू लागतो. नदीच्या एक लिटर पाण्यात आठ मिलिग्रॅम धरा. म्हणजे एक किलो साखरेला एक लाख चाळीस हजार लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू लागतो. दहा हजार लिटरचे चौदा टँकर. प्रत्यक्षात हे एका झटक्यात होत नाही. काही साखर जंतूंच्या अंगात राहते, नदी वरून नवा प्राणवायू घेत असते, त्यामुळे हिशेब दिवसांवर पसरतो. पण कारखान्यात साखर म्हणजे विष नव्हे, ‘गोड पाणीच तर गेले’, असे जे म्हटले जाते, त्याचे वजन या चौदा टँकरांनी तोलावे. दगडाखालच्या पिल्लाला साखर मारत नाही. साखर खाणारे त्याच्या वाटचा श्वास संपवतात.

सांडपाण्याची ही भूक मोजायचे माप म्हणजे बीओडी. आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस पाणी ठेवून जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला हे पाहतात. साखर कारखान्याचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी लिटरला हजार मिलिग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून बरेच जास्त भरते. नदीत सोडायचे तर ते तीसच्या आत हवे आणि जमिनीवर द्यायचे तर शंभरच्या आत. २०१६ च्या नियमाने प्रक्रिया केलेले सांडपाणी टन उसामागे शंभर लिटरवर आणून ठेवले. थंड करण्याच्या पाण्याचे शंभर लिटर वेगळे. रोजचे पाच हजार टन गाळप धरले तर पाच लाख लिटर सांडपाणी होते. तीस बीओडीने ते नदीतून दिवसाला पंधरा किलो प्राणवायू घेईल. शुद्धीकरणाची यंत्रणा बंद राहिली आणि हजार बीओडीचे पाणी तसेच गेले तर पाचशे किलो. माणशी रोजची घाण ४५ ग्रॅम बीओडीची धरतात. म्हणजे त्या एका दिवशी अकरा हजार वस्तीचे एक नवे गाव नदीत सांडपाणी सोडू लागले असे समजा. वाहतूक ठप्प झाल्याने गाळप थांबते, मिल धुतली जाते, तेव्हा असले दिवस येण्याची भीती सर्वांत जास्त.

डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याबद्दल, म्हणजे स्पेंटवॉशबद्दल, वेगळे काय सांगावे? त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. एक लिटर स्पेंटवॉश पाच हजारांहून जास्त लिटर नदीचा प्राणवायू खाऊ शकतो. म्हणूनच त्याचा एक थेंबही बाहेर जाऊ नये असे बंधन डिस्टिलऱ्यांवर आहे. गॅस काढणे, आटवणे, प्रेसमडमध्ये जिरवून खत करणे किंवा बॉयलरला जाळणे, असे मार्ग त्यासाठी आहेत. अवकाळी पावसात लगूनचा बांध आणि खताचे आवार ही दोन ठिकाणे डोळ्यांत तेल घालून बघायची.

ऊस विकास खात्याने कारखान्याच्या नळाबद्दल का लिहावे, असे कोणी म्हणेल. आम्ही गावोगाव फिरतो, बांधावर बसून बोलणी ऐकतो, म्हणून लिहितो. पण नळाबरोबर बांधाबद्दलही लिहावे लागते. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, ती चार हप्त्यांत आणि मातीआड करून. सरीत युरिया फेकून मोकाट पाणी सोडले की त्यातला वाटा ओढ्याने नदीला जातो आणि तिथे जलपर्णी पोसतो. जलपर्णीचा गालिचा वरचा वारा आणि ऊन दोन्ही अडवतो. खाली अंधारात सगळे कुजते. पैसा आपला, पीक जलपर्णीचे! ठिबक आणि हप्त्याने खत, हे आम्ही उत्पादनासाठी सांगत आलो. नदीचा हिशेबही त्यातच बसतो. शहरांच्या सांडपाण्याचा वाटा तर मोठा आहेच, तो कोणी नाकारत नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि पंचगंगा त्यांत होती. मात्र ‘त्यांचे जास्त, आमचे कमी’ या भांडणात दगडाखालच्या पिल्लाला काही रस नाही.

बरगे पडले की

आपल्या भागाची खरी अडचण वेळापत्रकात आहे. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालतात. पाणी अडते, उभे राहते. नेमक्या त्याच सुमाराला गाळप सुरू होते. म्हणजे सांडपाण्याचा धोका सर्वांत जास्त आणि नदीची हवा घेण्याची ताकद सर्वांत कमी, अशी दोन्ही एकाच महिन्यात येतात.

वाहत्या नदीत घाण पडल्यावर काय होते, ते स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर १९२५ साली गणिताने मांडले. प्राणवायू नळाच्या तोंडाशी सर्वांत कमी नसतो. पाणी खाली जाता जाता जंतूंची जेवणावळ रंगत जाते, प्राणवायू उतरत जातो, आणि काही अंतरावर तळ गाठून मग हळूहळू सावरतो. नकाशावर काढले तर झोळीसारखी रेघ दिसते. आपल्याकडे ती झोळी बंधाऱ्याच्या फुगवट्यात येऊन अडकते. नळाच्या तोंडाशी नमुना घेतला, वरच्या पुलावर घेतला, दोन्ही बरे निघाले, तरी मधल्या डोहाच्या तळाशी काय चालले आहे ते त्यातून कळत नाही. बंधाऱ्यावरून पाणी पडते तिथे लगेच खालच्या बाजूला प्राणवायू पुन्हा मिसळतो. त्या जागी नमुना घेणे म्हणजे धावून आलेल्या माणसाची नाडी बघून तब्येत ठरवणे.

जुन्या सभासदांना यातले काही नवे वाटणार नाही. अंबाडीच्या पेंढ्या डोहात कुजत घालायचे, तेव्हा पाणी काळे पडायचे, वास सुटायचा आणि मासे वर यायचे. तेच कुजणे, तोच प्राणवायू. फरक मापाचा.

हंगामाच्या शेवटी किंवा पहिल्या पावसाआधी सगळे बरगे एकदम काढले की तळाचे काळे पाणी एका लोंढ्याने खाली जाते आणि खालच्या गावांत मासे मरून लागतात. त्या काळ्या पाण्यात नुसता प्राणवायू कमी नसतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि अमोनियाही असतो. बरगे टप्प्याटप्प्याने काढावेत, आणि अडवतानाही थोडे पाणी सतत वरून पडते ठेवावे, अशी मागणी पाटबंधारे खात्याकडे (आजच्या जलसंपदा विभागाकडे) पाणीवापर संस्थांनी जरूर लावून धरावी. पाण्याची पातळी दोन बोटे कमी राहील, ही तक्रार आम्हाला माहीत आहे.

मेलेल्या तळाचा भुर्दंड गावालाही बसतो. डासाच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्ले, छोटे मासे, टाचण्या हे प्राणवायूवर जगणारे. डासाची अळी वरची हवा घेणारी. शिकारी आधी गुदमरतात, शिकार मागे राहते. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास मग काठच्या घरांत येतो. संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालणारी, न चावणारी डासासारखी माशी झुंडीने दिसली तर ती बहुधा कायरोनोमसचीच. तिची लाल अळी कुठून आली ते वर सांगितले आहे.

बेणे मळा शाबूत आहे

बिघडलेली नदी सावरते का? सावरते. लंडनच्या टेम्स नदीबद्दल १९५७ साली तिथल्या निसर्गइतिहास संग्रहालयाच्या मंडळींनी ती जीवशास्त्राच्या दृष्टीने मेल्यात जमा असल्याचे सांगितले होते. शहराखालच्या गाळात ट्युबिफेक्सचेच राज्य. सांडपाण्याची केंद्रे सुधारली, प्राणवायू वाढला, आणि १९७४ साली त्याच नदीत सालमन मासा सापडला. तिथे पैसा होता, हे खरे. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे तितकी नव्हती. आपला वरचा पट्टा अजून जिवंत आहे.

ऊसवाल्याला हे सांगायला नको. खालच्या रानात गवताळ वाढ आली, काणी आली, तरी शुद्ध बेणे मळा शाबूत असेल तर लागण पुन्हा करता येते. सह्याद्रीतले ओढे हा नदीचा बेणे मळा आहे. दरवर्षी पावसाळ्यात वरची पिल्ले पुराबरोबर खाली वाहत येतात, उडणाऱ्या माद्या काठाकाठाने येऊन अंडी घालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात खालच्या खळाळातही मेफ्लाय सापडतात ते त्यामुळे. म्हणजे बेणे दर वर्षी फुकट पोहोचते. प्रश्न ते पुढच्या काही महिन्यांत जगते का, एवढाच. सगळ्यांचे मात्र सारखे नाही. छोट्या मेफ्लाय काही आठवड्यांत पुन्हा वस्ती करतात. स्टोनफ्लायला पुरे वर्ष लागू शकते. शिंपल्याचे काम सर्वांत लांबणीचे, कारण त्याचे बारीक पिल्लू आधी माशाच्या अंगाला, कल्ल्यांना चिकटून काही दिवस काढते आणि मग गाळात उतरते. मासे गेले की शिंपल्याची पुढची पिढी थांबते. डोहाच्या काठाला नुसतीच रिकामी मोठी कवाडे सापडतात आणि बोटाच्या पेराएवढा लहान शिंपला एकही मिळत नाही, तिथे हे झाले आहे असे धरावे.

ज्यांना स्वतः बघायचे आहे त्यांच्यासाठी. सामान फार लागत नाही. एक पांढरी परात, पिठाची जुनी चाळण, एक भिंग. ऑक्टोबरात एकदा, डिसेंबरात एकदा, मार्चमध्ये एकदा, आणि दर वेळी त्याच जागी. प्रवाहात चाळण आडवी धरून वरच्या बाजूचे दगड हाताने घासावेत, आलेला ऐवज परातीत ओतून वेगवेगळे प्रकार मोजावेत. नाव माहीत नसले तरी चालेल. दोन शेपट्यांचे, तीन शेपट्यांचे, घरवाले, लाल, असे लिहिले तरी पुरते. सगळेच मेले आणि हवा घेणारे पाणभुंगेसुद्धा मेले, तर मात्र प्राणवायूवर ढकलू नये. वरच्या अंगाला कोणी फवारणीचा पंप धुतला का, ते आधी विचारावे.

प्राणवायू बघायचा असेल तर पहाटे सूर्याआधी बाटली भरावी, आणि काठावरून नव्हे तर डोहाच्या तळाजवळून. हंगेरीच्या लायोश विंकलर यांची १८८८ सालची पद्धत आजही चालते. बुडबुडा न ठेवता भरलेल्या बाटलीत मँगनीजच्या क्षाराचे आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण घातले की साका धरतो. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, जितका गडद तितका जास्त. पांढराच राहिला तर त्या पाण्यात श्वास नाही. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत काढतात, पण पांढरा की तपकिरी हे कोणालाही दिसते. आंघोळीच्या पाण्यासाठी मंडळाची कसोटी लिटरला पाच मिलिग्रॅमची आहे आणि माशांसाठी चारची. पहाटेचा आकडा या चाराच्या खाली गेला तर तारीख, वेळ आणि जागा लिहून गटऑफिसला द्यावी. दुपारी पुन्हा मोजून ‘आता ठीक आहे’ असे सांगत येऊ नये.

आणि दगड बघून झाल्यावर तो होता त्याच बाजूने, त्याच जागी ठेवावा. खालच्या अंगाला अंडी चिकटलेली असतात.